बोस आयकार्डचा दगड

गुरं राखलेल्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागत नाही. तहानलेल्या जनावराला पाण्याचा वास लागला, की ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही. मीही लहानपणी गुरं वळली, पण ती पाच-सहा. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये बोस आयकार्ड नावाचा घोडेस्वार गुराखी होता, तो हजारोंचे कळप वळायचा. त्याच्याविषयी वाचलं तेव्हापासून तो मनातून जात नाही.

बोस काळा माणूस. 1840 च्या दशकात मिसिसिपीत गुलाम म्हणून जन्मला. जन्माचं साल वेगवेगळं सांगतात. गुलामाच्या पोराची नोंद कोण ठेवणार? आडनावसुद्धा मालकाचंच. मालकाच्या कुटुंबाबरोबर तो टेक्सासात वेदरफर्डच्या मुलखात आला, तिथंच घोडा नि गुरं शिकला. 1865 मध्ये यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी गेली. पुढच्याच वर्षी चार्ल्स गुडनाईट आणि ऑलिव्हर लव्हिंग या दोघांनी गुरं न्यायची नवी वाट पाडली. बोस त्या वाटेला लागला.

वाट कसली, परीक्षाच. टेक्सासातून पेकोस नदीकडं, तिथून वर न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरला. तिथं सैन्यानं डांबून ठेवलेल्या नवाहो लोकांना पोसायला मांस लागायचं. पेकोसच्या अलीकडं असा कोरडा टप्पा होता, की तीन-तीन दिवस गुरांच्या तोंडाला पाणी लागत नसे. नदीचा वास आला, की तीच गुरं बेभान होऊन धावायची. एकमेकांना लोटत पाण्यात पडून कितीतरी बुडायची.

दिवसभर खोगिरावर, रात्री पाळीनं राखण. ढग गडगडला, की बसलेला कळप एका क्षणात उठून उधळायचा. मग अंधारात घोडा भरधाव सोडायचा, पुढच्या जनावरांना गाठायचं नि हळूहळू वळवत गोल फिरवायचं. घोड्याचा पाय बिळात गेला, तर घोडाही गेला नि स्वारही. अशा रात्री बोस गुडनाईटच्या बरोबरीनं होता. 1867 मध्ये कोमँचींच्या हल्ल्यात जखमी होऊन लव्हिंग वारला. बोस मात्र गुडनाईटबरोबर राहिला.

गुरं विकून आलेली रोकड गुडनाईट बोसजवळ ठेवायला द्यायचा. माणूस विश्वासाचा, हे एक कारण. दुसरं कारण गुडनाईटनंच पुढं सांगितलं: काळ्या माणसाच्या अंथरुणात पैसा असेल, असं कुठल्याही चोराच्या मनात येणार नाही. मला या ठिकाणी थांबावं लागतं. एवढा मोठा विश्वास, आणि तो उभा कशावर? तर या माणसाजवळ काही असूच शकत नाही, या जगाच्या समजुतीवर. त्या अंथरुणावर पडल्या-पडल्या बोसला काय वाटत असेल?

1869 च्या सुमारास तो वेदरफर्डला शेती करून राहिला. लग्न झालं, लेकरंबाळं झाली. गुडनाईट अधूनमधून भेटायला यायचा, अडीनडीला पैसे द्यायचा. 4 जानेवारी 1929 ला बोस वारला. गुडनाईट तेव्हा 92 वर्षांचा. त्यानं बोसच्या थडग्यावर दगड बसवला. त्यावर लिहिलं, की यानं चार वर्षं माझ्याबरोबर काम केलं, कामात कधी कसूर केली नाही, हुकूम मोडला नाही. उधळलेल्या कळपांत आणि कोमँचींशी झालेल्या तीन चकमकींत बरोबर होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गुडनाईटही गेला.

दगड मनापासून बसवलेला आहे, यात शंका नाही. त्या काळी कितीतरी काळे गुराखी त्या वाटांवर राबले. बहुतेकांच्या वाट्याला नावाचा दगडही आला नाही. तरीपण वाचताना लक्षात येतं, की हे सगळं मालकाच्या मापानं मोजलेलं आहे. बोसबद्दल आपल्याला जे कळतं, ते बहुतेक गुडनाईटच्याच तोंडून. घोड्यावरून त्या रात्री कशा दिसल्या, हे बोसनं घरी लेकरांना सांगितलं असेल. ते कुठल्या दगडावर नाही.