जीपच्या इंजिनांची भाऊबंदकी

मंडळी, या वीकेंडचा विषय जरा तेलकट आहे. जुन्या जीप. आणि प्रश्न तसा साधाच: एका जीपच्या इंजिनाचा पार्ट दुसऱ्या जीपला बसतो का?

जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या लोकांकडून मी एक उत्तर नेहमी ऐकतो. "अरे, सगळं विलीजचंच आहे, बसतंय की!" कधीकधी बसतंही. पण का बसतं आणि का बसत नाही, यामागे चांगला शंभर वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात १९०८ पासून करू. तेव्हा बऱ्याच मोटारींचे पार्ट कारागीर कानस मारून त्या त्या गाडीत बसवायचे. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतही अदलाबदल होईल याची खात्री नसे. त्या वर्षी इंग्लंडमध्ये, ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर, रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली तीन कॅडिलॅक पूर्ण सुट्या केल्या. पार्ट एकत्र मिसळले, त्यातले ८९ बाजूला काढून स्टॉकमधले नवे घातले, आणि त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या उभ्या केल्या. तिन्ही ५०० मैल धावल्या! कॅडिलॅकला यासाठी ड्यूअर ट्रॉफी मिळाली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला हेच हवं होतं, पण दोन वेगळ्या कंपन्यांकडून. १९४१ साली विलीजच्या डिझाइनची जीप बनवायचं काम फोर्डलाही दिलं गेलं. विलीजची ती एमबी, फोर्डची ती जीपीडब्ल्यू. त्यातला 'डब्ल्यू' विलीजचाच. दोन्हींत इंजिन एकच, 'गो डेव्हिल': चार सिलिंडर, २१९९ सीसी, ६० हॉर्सपॉवर. फोर्ड बोल्टच्या डोक्यावरसुद्धा आपला 'एफ' उमटवायची, पण मापं विलीजची. बिघडलेल्या दोन जीपमधून एक चालती जीप करता यावी, ही सैन्याची गरज होती. आमच्या भाषेत, इंटरफेस फ्रीज आणि व्हेंडर दोन.

युद्ध संपलं आणि ही रिक्वायरमेंटही संपली. मग खरी गंमत सुरू झाली.

युद्धातल्या इंजिनात कॅमशाफ्टला चेन फिरवायची. पुढे नागरी सीजे-२ए बनत असताना मध्येच चेन जाऊन गिअर आले. आता विचार करा. चेनने जोडलेली दोन चाकं एकाच दिशेने फिरतात (सायकल आठवा), पण एकमेकांत अडकलेली दोन दातेरी चाकं उलट दिशांना. म्हणजे कॅमशाफ्ट उलटा फिरू लागला! त्यामुळे कॅमशाफ्ट बदलला, आणि त्याच्यावर चालणारा ऑइल पंपही. नाव तेच, सीसी तेच, पण चेनवाला पंप गिअरवाल्याला चालत नाही. इथे "बसतंय की" फार महागात पडतं. तेलाचं प्रेशर नसेल तर बेअरिंग जळायला वेळ लागत नाही.

फ्लायव्हीलचंही तेच. युद्धातल्या जीपच्या रिंग गिअरला ९७ दाते, नंतरच्याला १२४. स्टार्टर त्याच्या जोडीचाच लागतो.

पुढची पिढी 'हरिकेन'. बोअर आणि स्ट्रोक अगदी गो डेव्हिलचेच, सीसीही तेच. पण गो डेव्हिलमध्ये सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये होते. हरिकेनमध्ये इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, एक्झॉस्ट खालीच राहिले. ताकद वाढली, पण ब्लॉक आणि हेड दोन्ही वेगळे झाले. शिवाय इंजिन उंच झालं, म्हणून १९५३ च्या सीजे-३बीचं बॉनेटच वर उचलावं लागलं.

स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या, आणि ही सीजे-३बी पुढे आपल्याकडे कितीतरी वर्षं बनत राहिली. आपले मेकॅनिक 'लो बॉनेट' आणि 'हाय बॉनेट' म्हणतात, ते व्हॉल्व्हच्या या स्थलांतरामुळे!

थोडक्यात काय, तर 'एकाच घराण्यातलं इंजिन' हा पुरावा नव्हे. आधी इंजिन नंबर बघा, पार्ट लिस्टमध्ये दोन्हीकडे पार्ट नंबर एकच आहे का बघा, चेन की गिअर ते बघा, दाते मोजा, आणि मग व्हर्निअर लावा. एमबी आणि जीपीडब्ल्यूची इंजिनं जुळतात, कारण ती जुळावीत म्हणून कोणीतरी पैसे मोजले होते. एमबी आणि सीजे-३बी जुळाव्यात असं कोणी कुणाकडे मागितलंच नव्हतं.

असो. नवीन पार्ट हाती आला तरी जुना लगेच भंगारात देऊ नका. मापं घ्यायला तोच लागतो.