पहिल्या चौकोनाची गोष्ट

फुटबॉलच्या बातम्या वाचून इंग्रजी शिकणाऱ्यांना मी एक सांगतो. वाक्प्रचाराचा अर्थ कोशात मिळतो, पण त्याच्या जन्माची कथा जरा पारखून घ्यावी. ‘हॅटट्रिक’ मूळचा क्रिकेटचा. १८५८ मध्ये शेफील्डला स्टीफन्सन यांनी लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले, तेव्हा वर्गणी काढून त्यांना टोपी दिली गेली. ‘पार्क द बस’ अगदी अलीकडचा. २००४ मध्ये टॉटनहॅमने चेल्सीला गोलशून्य बरोबरीत रोखलं, तेव्हा प्रशिक्षक मोरिन्यो म्हणाले, आमच्या पोर्तुगालमध्ये म्हणतात तसं, यांनी बस आणून गोलपुढे उभी केली.

‘बॅक टू स्क्वेअर वन’, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. याची कथा रेडिओशी जोडलेली, म्हणून मला विशेष जिव्हाळ्याची. २२ जानेवारी १९२७ रोजी बीबीसीने लंडनच्या हायबरी मैदानावरून आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड सामन्याचं थेट समालोचन केलं. बीबीसीचं फुटबॉलचं हे पहिलंच. न दिसणारं मैदान श्रोत्याला दाखवायचं कसं? ‘रेडिओ टाइम्स’ने आठ चौकोनांत विभागलेला मैदानाचा आराखडा छापला. टेडी वेकलम खेळाचं वर्णन करत आणि दुसरा आवाज चेंडू कोणत्या चौकोनात आहे तो आकडा सांगे. श्रोत्यांनी कागद पुढ्यात घेऊन आकड्यांवर बोट फिरवायचं. सामना १-१ असा सुटला.

चेंडू मागे आला की ‘पहिला चौकोन’, आणि त्यातून हा वाक्प्रचार निघाला, असं आजही सांगितलं जातं. कथा गोड आहे. मला पटत नाही. गोल झाल्यावर खेळ पुन्हा सुरू होतो तो मैदानाच्या मधून, कोपऱ्यातल्या पहिल्या चौकोनातून नव्हे. शिवाय मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात. मग एका संघाची पिछाडी ती दुसऱ्याची आघाडी! एका अर्थशास्त्रीय नियतकालिकातला १९५२ चा छापील दाखला तर सरळ सापशिडीचं नाव घेतो. सापशिडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातून इंग्लंडात गेली. परंपरा ज्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते, तो आपला मोक्षपट त्याच कुळातला. तिथेही सापाने गिळलं की सोंगटी खालच्या घरात, आणि पुन्हा कवड्या टाकायच्या.