रॉबर्ट गिल
मेजर रॉबर्ट गिल (जन्म : २६ सप्टेंबर १८०४, मृत्यू : १० एप्रिल १८७९) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यातील अधिकारी, चित्रकार व छायाचित्रकार होते. अजिंठा लेण्यांतील भित्तिचित्रांच्या मोठ्या आकाराच्या प्रतिकृती तयार करणारे पहिले चित्रकार म्हणून त्यांची ओळख आहे. त्यांच्या आयुष्याची अखेरची तीन दशकांहून अधिक वर्षे मुख्यतः अजिंठा परिसरात गेली.

पूर्वायुष्य

गिल यांचा जन्म लंडन येथे झाला. वयाच्या विशीच्या सुमारास ते मद्रास सैन्यात दाखल झाले. ४४ व्या मद्रास नेटिव्ह इन्फंट्री या पलटणीत त्यांनी सेवा केली. लष्करी कामाबरोबर चित्रकलेचा व्यासंगही त्यांनी जोपासला होता आणि पुढील नेमणुकीस तोच कारणीभूत ठरला.

अजिंठ्याचे काम

एप्रिल १८१९ मध्ये मद्रास घोडदळातील जॉन स्मिथ या अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली आणि त्यानंतर युरोपीय अभ्यासकांचे लक्ष अजिंठ्याकडे वेधले गेले. स्थापत्यशास्त्राचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भारतातील शैलगृहांविषयी निबंध वाचला. ओल, वटवाघळे व माणसांची हेळसांड यांमुळे चित्रे झपाट्याने नष्ट होत असल्याने त्यांच्या प्रतिकृती करून घेण्याचा आग्रह धरण्यात आला. कंपनीच्या संचालकांनी तो मान्य केला व १८४४ मध्ये या कामी गिल यांची निवड झाली.

अजिंठा त्या वेळी हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते. गिल अजिंठा गावातील बारादरीत राहत आणि तेथून लेण्यांकडे जात. दाट जंगल, वाघांचा वावर, हिवताप व मधमाश्यांची मोहोळे अशा परिस्थितीत, अंधाऱ्या गुहांमध्ये, काजळी धरलेल्या व पोपडे निघालेल्या भिंतींसमोर त्यांना काम करावे लागे. निष्णात शिकारी म्हणूनही त्यांची ख्याती होती. १८६३ पर्यंत त्यांनी तैलरंगातील सुमारे ३० चित्रे पूर्ण केली. ती टप्प्याटप्प्याने लंडनला पाठविण्यात आली. त्यांपैकी काहींवरून केलेली रेखाचित्रे १८५६ मध्ये श्रीमती स्पायर यांच्या प्राचीन भारतविषयक ग्रंथात प्रसिद्ध झाली.

प्रतिकृतींचा नाश

ही चित्रे लंडनजवळील सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शनार्थ मांडण्यात आली होती. डिसेंबर १८६६ मध्ये त्या वास्तूस लागलेल्या आगीत मोजकी चार-पाच चित्रे वगळता सर्व जळून गेली. तोपर्यंत गिल यांच्या वयाची साठी उलटली होती. तरीही ते अजिंठ्याच्या कामाकडे पुन्हा वळले. १८७२ पासून मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने नव्या प्रतिकृती करविल्या; पण त्यांतील अनेक चित्रेही १८८५ मध्ये लंडनमधील आगीत नष्ट झाली. गिल यांची उरलेली चित्रे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. मूळ भित्तिचित्रांचा काही भाग पुढील काळात झिजला असल्याने, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती कशी होती हे समजण्यासाठी या प्रतिकृतींचे महत्त्व आहे.

छायाचित्रण

चित्रकलेबरोबर गिल यांनी छायाचित्रणही केले. त्यांच्या छायाचित्रांवर आधारित ‘द रॉक-कट टेंपल्स ऑफ इंडिया’ हा ग्रंथ फर्ग्युसन यांच्या लेखनासह १८६४ मध्ये प्रसिद्ध झाला. लेण्यांपुरतेच मर्यादित न राहता त्यांनी वऱ्हाडातील हेमाडपंती वास्तूंचीही छायाचित्रे घेतली. त्यांत सध्याच्या वाशीम जिल्ह्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार व मेहकर येथील वास्तूंचा समावेश होतो. या भागातील स्मारकांची ही आरंभीची छायाचित्रे होत.

कुटुंब

१८४१ मध्ये गिल यांचा विवाह फ्रान्सेस फ्लॉवरड्यू रिकर्बी यांच्याशी झाला. पुढे पत्नी व मुले इंग्लंडला परतली. गिल मात्र अजिंठ्यातच राहिले. त्यांचा बंगळूर येथे १८४३ मध्ये जन्मलेला मुलगा विल्यम जॉन गिल हा रॉयल इंजिनिअर्स दलात अधिकारी झाला. त्याने १८७७ मध्ये चीनच्या पश्चिम भागातून ब्रह्मदेशापर्यंत प्रवास केला व त्याचे वर्णन ‘द रिव्हर ऑफ गोल्डन सँड’ (१८८०) या ग्रंथात केले. या प्रवासाबद्दल त्याला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. ऑगस्ट १८८२ मध्ये सिनाईच्या वाळवंटात प्राध्यापक एडवर्ड पामर व लेफ्टनंट हॅरल्ड चॅरिंग्टन यांच्यासह त्याची हत्या झाली.

पारो

अजिंठ्याच्या वास्तव्यात पारो ही स्थानिक तरुणी गिल यांची सहचारिणी होती. २३ मे १८५६ रोजी तिचे निधन झाले. गिल यांनी अजिंठा गावात तिची समाधी बांधली. तिच्यावरील शिलालेखात पारोचे नाव, मृत्युदिनांक व गिल यांचे नाव कोरलेले आहे. पारोविषयीचा निश्चित लिखित पुरावा इतकाच असून तिचे कूळ, वय व दोघांची भेट यांविषयीच्या कथा लोकपरंपरेतून आल्या आहेत. कवी ना. धों. महानोर यांनी या प्रेमकथेवर ‘अजिंठा’ हे खंडकाव्य लिहिले. त्यावर आधारित याच नावाचा मराठी चित्रपट नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०१२ मध्ये दिग्दर्शित केला. काव्य व चित्रपट या कलाकृती असल्याने त्यांतील प्रसंग ऐतिहासिक पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाहीत.

मृत्यू

एप्रिल १८७९ मध्ये गिल गंभीर आजारी पडले. त्यांना भुसावळकडे नेत असताना १० एप्रिल रोजी वाटेतच त्यांचे निधन झाले. भुसावळ येथील ख्रिस्ती दफनभूमीत त्यांची कबर आहे. पारोची समाधी अजिंठ्यात, तर गिल यांची कबर भुसावळला आहे.