वऱ्हाडातील पृथक्करणयंत्र : रेचा आणि सरकी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस म्हैसूर संस्थानातील कोलारच्या खाणींत वाफेच्या बळावर चालणारी लोखंडी मुसळे सोन्याच्या दगडाचा भुगा करीत. काळ्या पाषाणाच्या वऱ्हाडात तसे खनिज नव्हते; येथील पृथक्करणयंत्र म्हणजे कापसाचा रेचा. त्याची अट मात्र नेमकी उलट : रुई सुटावी, पण सरकी फुटू नये. म्हणूनच व्हिटनेच्या करवतीदार यंत्रापेक्षा मॅकार्थीचे, चामडे मढविलेल्या लाटेचे यंत्र येथे रुजले. १८७० मध्ये खामगावास आगगाडी पोहोचली. पुढे अकोला-अमरावतीस जिनांची धुराडी उभी राहिली. हातरेच्याचे काम बायकांच्या हातून गेले, हे सर्वश्रुत आहे. सरकीकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. पूर्वी ती घरीच बियाण्यासाठी राही; जिनात ती गावोगावच्या सरकीत मिसळली आणि वाणांची शुद्धता ढासळली. १९२५ च्या कायद्याने गाठींवर कारखान्याची खूण सक्तीची झाली. त्या खुणेने गाठीचा माग लागे, सरकीचा नव्हे.