एक टपालघर, अनेक गावे



मराठीच्या अध्यापकाने संगणकीय टपालाच्या इतिहासावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. निमित्त घरगुती आहे. मी ज्या संस्थेत शिकवले, तिच्या टपालयंत्राच्या नोंदवहीतून निवृत्तीनंतर माझ्या नावाची ओळ काढण्यात आली आणि विद्यार्थ्यांची पत्रे '५५०' असा शेरा घेऊन परत जाऊ लागली. या पत्त्याची पेटी येथे नाही, असा त्याचा अर्थ. एका ओळीला एवढे सामर्थ्य कोठून आले, हे मी शोधू लागलो.

१९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र धाडले आणि व्यक्ती व यंत्र यांच्या नावांमध्ये '@' हे चिन्ह घातले. अमुक माणूस, अमुक यंत्रावर, इतका तो सरळ अर्थ होता. १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी पत्रांच्या देवाणघेवाणीचे 'एसएमटीपी' हे नियम लिहिले. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन-नामांची व्यवस्था मांडली. १९८६ मध्ये 'एमएक्स' नोंदीचे नियम प्रसिद्ध झाले. अमुक डोमेनचे टपाल कोणत्या यंत्राने स्वीकारावे, हे ती नोंद सांगते. त्यामुळे एकच यंत्र अनेक डोमेनांचे टपालघर होऊ शकले.

ग्वाल्हेरकरांस ही कल्पना परकी वाटू नये. १८८५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्याच तिकिटांवर आपल्या संस्थानाचे नाव छापून ती येथे वापरली जात. व्यवस्था एक, नावे अनेक!

तरीही एक अडचण उरली. पत्र घेणाऱ्याचे त्या यंत्रावर स्वतंत्र खाते असावे लागे, आणि दोन शाळांचे 'कार्यालय' एकाच पेटीत येऊन पडण्याचा धोका असे. १९९८ मध्ये वित्से वेनेमा यांचा 'पोस्टफिक्स' आणि २००२ मध्ये टिमो सिरायनेन यांचा 'डव्हकॉट' प्रसिद्ध झाला. या जोडीला 'मायएसक्यूएल'सारख्या डेटाबेसची साथ मिळाली आणि खात्याची जागा नोंदवहीने घेतली.

या नोंदवहीत तीन कोष्टके पुरतात. पहिल्यात डोमेने, दुसऱ्यात संपूर्ण पत्ते व सांकेतिक रूपातील पासवर्ड, तिसऱ्यात पर्यायी पत्ते. पत्र दाराशी येताच पोस्टफिक्स विचारतो: हे डोमेन आपले काय? हा माणूस आपला काय? उत्तर नकारार्थी असेल, तर पत्र आत न घेता दारातूनच परत करावे. एकदा स्वीकारून मागाहून परत केले, तर खोट्या प्रेषकाच्या नावाखाली ते भलत्याच्याच माथी जाते. स्वीकारलेले पत्र डव्हकॉट पेटीत ठेवतो आणि वाचणाऱ्याचा पासवर्डही त्याच वहीशी ताडून पाहतो. नवी शाळा जोडावयाची, तर यंत्र नवे लागत नाही. वहीत ओळी वाढवाव्या आणि त्या डोमेनची एमएक्स नोंद या यंत्राकडे वळवावी, एवढे पुरते.

माझ्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळाले. यंत्राला माणूस ठाऊक नसतो, त्याला ठाऊक असते ती ओळ. पूर्वीचा पोस्टमन घर बदललेल्याचे पत्र नव्या पत्त्यावर पोहोचवी. तीच सोय तिसऱ्या कोष्टकात आहे. जुन्या पत्त्यापुढे नवा पत्ता लिहिला की झाले.

या शाळेच्या चालकांना माझी एवढीच विनंती आहे. कोणी शिक्षक निवृत्त झाला, तर दुसऱ्या कोष्टकातील त्याची ओळ खुशाल काढा, मात्र तिसऱ्यात एक ओळ आधी लिहा. कोण्या जुन्या विद्यार्थ्याचे पत्र अजून वाटेत असेल.