दोन याद्या आणि वर्तुळाबाहेरची माणसं

आजचा एपिसोड सुचला शीळफाट्यावर. महापेहून डोंबिवलीला परतताना इथे बस अडकली की वाचायला भरपूर वेळ मिळतो.

नववीत बांगडी ठेवून वेन आकृती काढलेली आठवते? दोन वर्तुळं, मधे छेद. जॉन वेननं ती १८८० साली मांडली. आपण मात्र ‘क्रिकेट आवडणारे, फुटबॉल आवडणारे’ करून मार्क घेतले आणि सोडून दिली.

पण आपल्याच देशात त्या छेदानं मोठं काम केलंय. कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात किती जन्ममृत्यू नोंदवायचे राहून जातात, हे शोधायचं होतं. सी. चंद्रशेखरन आणि अमेरिकेचे डेमिंग यांनी त्याची पद्धत १९४९ साली छापली. एक यादी निबंधकाची, दुसरी घरोघर फिरून केलेली. दोन्हींत सामाईक किती, ते बघायचं.

समजायला सोपे आकडे घेऊ, हे माझे आहेत. निबंधकाकडे ८० जन्म, घरोघर ६०, सामाईक ४८. घरोघर सापडलेल्या ६० पैकी ४८ निबंधकाकडे आहेत, म्हणजे त्याच्या यादीत नाव असण्याची संभाव्यता ०.८. मग त्याचे ८० म्हणजे एकूणाचे ८० टक्के, एकूण १००. दोन्ही वर्तुळांत मिळून ८० + ६० − ४८ = ९२. उरलेले ८ जन्म कुणीच पाहिलेले नाहीत, तरी मोजले गेले! मी तर बसमध्येच हे दोनदा करून पाहिलं.

गोम एकच: दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. प्रत्यक्षात जो एकीतून सुटतो, तो बहुतेक दुसरीतूनही सुटतो. मग छेद फुगतो आणि बाहेरचे कमी दिसतात. म्हणून त्या दोघांनी लोकांचे सारखे-सारखे गट पाडून प्रत्येक गटाचा हिशेब वेगळा करायला सांगितलं. चंद्रशेखरन पुढे मुंबईच्या लोकसंख्या-अभ्यास केंद्राचे संचालक झाले. तीच आजची देवनारची आयआयपीएस.

आणि इथे शीळफाट्यावर ४ एप्रिल २०१३ ला लकी कंपाउंडमधली अनधिकृत इमारत कोसळली. ७४ माणसं गेली. काम अर्धवट असतानाच त्यात मजुरांची कुटुंबं राहत होती. अशा घराच्या दारावर कोणती यादी पोचणार? निबंधकाची की घरोघरची?

ऑफिसात दोन टेबलं जोडताना मी डोळे झाकून इनर जॉइन मारायचो. न जुळलेल्या ओळी गळतात, रिपोर्ट छान दिसतो. हल्ली त्या गळलेल्या ओळी आधी उघडून बघतो.