ढोलाला विशारद का नाही?

गोंदियातल्या मुलाने तबला शिकला तर त्याच्यापुढे प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी शिडी उभी असते. सालेकसा तालुक्यात कचारगडला माघ पौर्णिमेच्या यात्रेत ढोल वाजवणाऱ्या गोंड वादकापुढे कोणती शिडी आहे? झाडीपट्टीत दंडार आणि खडी गंमत करणाऱ्यांपुढे कोणती? त्यांची ती ‘लोककला’. हा नुसता नावाचा फरक नाही. आम्ही याला वर्णव्यवस्था म्हणतो.

पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. संगीत दरबारातून आणि घराण्यांच्या कुलुपातून बाहेर आणले, हे श्रेय आम्ही नाकारत नाही. पण बाहेर आणून ते पोचवले कुठे? ‘सभ्य’ घरांच्या दिवाणखान्यात. ज्या नायकिणी-कलावंतिणींनी ही विद्या पिढ्यानपिढ्या जपली, त्यांच्यापासून संगीत ‘शुद्ध’ करणे हाच सुधारणेचा अर्थ झाला. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर अशाच समाजातून आल्या. त्यांचे गाणे डोक्यावर घेतले, समाजाचे नाव मात्र दबक्या आवाजातच घेतले गेले.

पलुस्करांनी पुढे नाशिकला रामनाम आधाराश्रम चालवला. त्याच नाशकात 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांचे लोक काळाराम मंदिराच्या बंद दारासमोर उभे होते. रामाचे भजन सर्वांसाठी, रामाचे दार मात्र नाही!

कोणी म्हणेल, लोकसंगीताला लिखित शास्त्र नाही, मग परीक्षा कशी घ्यायची? अहो, घराण्यांतही विद्या तोंडीच दिली जात होती. तिला शास्त्र म्हणताना कुणाची जीभ अडखळली नाही.

आणि कातड्याचे काय? तबल्याची पुडी बकऱ्याच्या कातड्याची. कातडे कमावणारा अस्पृश्य, त्यावर थाप मारणारा पंडित. दक्षिणेत मृदंग बनवणाऱ्या दलित ख्रिस्ती कारागिरांवर टी. एम. कृष्णा यांनी 2020 मध्ये पुस्तक लिहिले, तेव्हा कुठे वाद्यामागचे हात मैफलीच्या जगाला दिसले. आपल्याकडे तबल्याचे बोल पाठ असणाऱ्या किती विद्यार्थ्यांना पुडी बनवणाऱ्याचे नाव सांगता येईल?

1953 मध्ये संगीत नाटक अकादमी आली. तिच्या पुरस्कारांतही लोक-आदिवासी कलांचा रकाना वेगळाच. सन्मान दिला, पण पंगत वेगळी.

आम्हाला वेगळी पंगत नको. कचारगडचा ढोल अभ्यासक्रमात हवा, आणि परीक्षकाच्या खुर्चीत तो वाजवणारा हवा.